डॉक्टरकडच्या चकरा कोण मोजतं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की इथे ऑस्ट्रेलियात कुठल्या भागातली माणसं वर्षातून किती वेळा जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जातात आणि त्यांना तिथे काय अनुभव येतो ह्याचे आकडे दरवर्षी निघतात. त्या एका वाक्यावर जेवढे मेल आले तेवढे मी लिहिलेल्या उकडीच्या मोदकांच्या लेखावरही आले नव्हते! त्यातले पाच प्रश्न निवडलेत. माझी ओळख नव्या वाचकांसाठी, मी आधी ९ वर्षं मेलबर्नच्या पश्चिमेला एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर होते आणि नंतर आरोग्याच्या डेटावर काम केलं, म्हणजे एकाच गोष्टीची दोन्ही टोकं बघितलीयेत, फोन उचलणारं पण आणि आकड्यांची टेबलं काढणारं पण.

ताई, नमस्कार. २०२२-२३ च्या आकड्यांची एक जुनी बातमी सापडली, त्यात म्हणलंय की जीपीच्या ८० टक्के व्हिजिट बल्क बिल झाल्या, म्हणजे बिल थेट मेडिकेअरकडे (सरकारी आरोग्य विम्याकडे) गेलं आणि पेशंटला काही भरावं लागलं नाही. मी त्या वर्षी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा गॅप (मेडिकेअर देतं त्याच्या वरचा फरक) भरलाय, माझ्या ऑफिसातले सगळे तेच सांगतात. सरकार खोटं बोलतं का सरळ सांगा. – एक वाचक, टार्नीट

खोटं नाही बोलत, पण अर्धंच बोलतं. ८० टक्के हा आकडा व्हिजिटचा आहे, माणसांचा नाही. आणि इथेच सगळी गोची आहे.

तुमच्या घरासारखंच एक घर घ्या. आजोबा, कन्सेशन कार्डवाले, तीस वर्षांपूर्वी इथे आलेले, शुगर आहे, वर्षातून १२ वेळा जातात आणि बाराही वेळा बल्क बिल. सूनबाई ५ वेळा गेल्या, त्यातल्या ४ बल्क बिल, एकदा शनिवारी जावं लागलं तेव्हा पैसे भरले. मुलगा ३ वेळा गेला, तिन्ही वेळा कार्ड स्वाइप करून गॅप भरला. आता मोजा. एकूण व्हिजिट २०, त्यातल्या १६ बल्क बिल, झाले ना बरोब्बर ८० टक्के? आणि आता दुसरा प्रश्न विचारा, की ह्या तिघांपैकी वर्षभरात एकदाही खिशात हात घालावा लागला नाही असं कोण? फक्त आजोबा. तिघांत एक. घर तेच, वर्ष तेच, एक आकडा ८० आणि दुसरा ३३.

ही माझी उगाच पोरखेळाची गणितं नाहीत, देशाचं पण अगदी असंच झालंय. २०२२-२३ मधे व्हिजिट मोजल्या तर ८० टक्क्यांच्या आसपास बल्क बिल, पण ज्यांच्या सगळ्याच्या सगळ्या व्हिजिट बल्क बिल झाल्या अशी माणसं मोजली तर ५१.७ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी तीच माणसं ६५.८ टक्के होती, म्हणजे एका वर्षात केवढी घसरण बघा, आणि व्हिजिटवाल्या आकड्यात ती एवढी दिसतच नाही कारण जी माणसं वारंवार जातात, म्हातारी, लहान मुलं, कार्डवाले, त्यांच्या चकरा जास्त आणि त्यांचं बल्क बिलिंग टिकून होतं. मधल्या वयाचा, नोकरीवाला, वर्षातून दोन-तीनदा जाणारा माणूस, म्हणजे तुम्ही, व्हिजिटच्या ढिगात दिसतच नाही.

तेव्हा कुठलीही टक्केवारी वाचली की आधी विचारायचं, कशाचे टक्के? आणखी एक, १ नोव्हेंबर २०२५ पासून बल्क बिलिंगचा जादा इन्सेंटिव्ह सगळ्याच मेडिकेअरवाल्यांसाठी डॉक्टरांना मिळायला लागलाय, आधी तो १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आणि कार्डवाल्यांसाठीच होता. त्यामुळे जुनी बातमी घेऊन आत्ताच्या रिसेप्शनिस्टशी भांडायला जाऊ नका, ती बिचारी काय करणार, मी त्या खुर्चीत बसलेली आहे.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर ६ महिने आले होते. बाबांचं बीपी वर गेलं म्हणून ५ वेळा जीपीकडे नेलं, प्रत्येक वेळी पूर्ण फी, वर रक्ताच्या तपासण्या वेगळ्या. तुम्ही म्हणता प्रत्येक भागाचे आकडे निघतात, मग ह्या ५ चकरा कुठे लागल्या? – वेंटवर्थव्हिल, सिडनी

कुठेच नाही. हे उत्तर लिहिताना मलाही कसंतरीच झालं पण खरं आहे.

कसंय ना, कुठल्या भागात जीपीचा किती वापर झाला हे काढतात ते मुख्यतः मेडिकेअरच्या क्लेमवरून. १९८४ पासून मेडिकेअर आहे, प्रत्येक क्लेम नोंदला जातो, त्यामुळे एवढा भरवशाचा आणि एवढा स्वस्त डेटा दुसरा नाही. पण ज्या भेटीचा क्लेमच झाला नाही ती भेट झालीच नाही असं ते खातं धरतं. न्यूझीलंड, इंग्लंड, इटली अशा काही देशांशी ऑस्ट्रेलियाचा आपसातला आरोग्य करार आहे, भारताशी नाही. म्हणून बाबांना मेडिकेअर नाही आणि बाबांच्या चकरा पण नाहीत. इंटरनॅशनल स्टुडंट्सचं तेच, त्यांचा वेगळा इन्शुरन्स असतो, ती बिलं मेडिकेअरकडे जातच नाहीत.

आता हे आपल्यासारख्या एरियात काय करतं बघा. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक किंवा तुमचं वेंटवर्थव्हिल, हॅरिस पार्क, इथे दर तिसऱ्या-चौथ्या घरात कोणाचे ना कोणाचे आई-बाबा आलेले असतात (हा माझा संध्याकाळच्या वॉकवरचा सर्व्हे आहे, सरकारी नाही). क्लिनिक गच्च भरलेलं, वेटिंग रूममधे बसायला खुर्ची नाही, आणि कागदावर त्या भागाचा माणशी वापर बेताचा. मग कागद बघणारा म्हणतो, इथे काही फार गर्दी दिसत नाही बुवा.

हे कागद बघतं कोण? देशभरात ३१ प्रायमरी हेल्थ नेटवर्क आहेत, १ जुलै २०१५ ला सुरू झाली, त्याआधी ह्याच कामाच्या मेडिकेअर लोकल नावाच्या ६१ संस्था होत्या. आपल्या भागात काय कमी आहे ते हुडकून पैसे कुठे घालायचे हे ती ठरवतात. आकडे काढायला सुरुवातीला नॅशनल हेल्थ पर्फॉर्मन्स ऑथॉरिटी नावाची स्वतंत्र संस्था होती, ती २०१६ मधे गुंडाळली आणि काम ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ अँड वेल्फेअरकडे गेलं. नेटवर्क म्हणजे पण केवढी अवाढव्य, नॉर्थ वेस्टर्न मेलबर्नच्या एकाच नेटवर्कमधे शहराचा मधला भाग पण येतो आणि आमचं विंडम (टार्नीट, पॉइंट कुकचा भाग) पण, कॉफीशॉपच्या वर राहणारी एकटी पोरं आणि तीन पिढ्या एका छपराखाली राहणारी घरं ह्यांची सरासरी काढून हाती काय लागणार? म्हणून त्याहून छोट्या तुकड्यांचे आकडे जिथे मिळतील तिथे तेच बघावेत, विंडमचे वेगळे, ब्रिमबँकचे वेगळे.

अजून एक गंमत. चकरा ज्या भागाच्या खात्यात पडतात तो भाग क्लिनिकचा नसतो, मेडिकेअरकडे तुमचा जो पत्ता आहे त्याचा असतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा सिडनीहून मेलबर्नला येऊन चार वर्षं झाली, लग्न झालं, मुलगी झाली, मेडिकेअरचा पत्ता अजून पॅरामॅटाचाच! म्हणजे इथल्या डॉक्टरकडे जाऊन तो पॅरामॅटाचा वापर वाढवतोय. घर बदललं की पत्ता बदला रे बाबांनो, दोन मिनिटांचं काम आहे.

मी वर्षात १४ वेळा जीपीकडे गेले. नवरा म्हणतो की तू उगाच जातेस, एवढं कोणी जात नाही. हे जास्त आहे का? – ब्रिस्बेन

आकड्यांच्या भाषेत १२ ते १९ व्हिजिट म्हणजे 'वारंवार जाणारे' आणि २० किंवा त्याहून जास्त झाल्या की 'फारच वारंवार'. म्हणजे तुम्ही पहिल्या गटात बसता. पण हा शिक्का आहे, दोष नाही. शुगर, बीपी, थायरॉइड, गरोदरपण, डिप्रेशनचं औषध जमवून घेणं, ह्यातलं एक जरी असलं तरी १४ सहज होतात, आणि जीपीकडे १४ वेळा जाऊन इमर्जन्सीत एकदाही न जाणं हे चांगलंच लक्षण आहे. नवऱ्याला विचारा तो शेवटचा कधी गेला होता, उत्तर लग्नाआधी असं आलं तर चिंता त्याची करा.

मी स्लाऊला राहते, युके. दर एक-दोन वर्षांनी घरी जीपी पेशंट सर्व्हेचं पत्र येतं. दोनदा कचऱ्यात टाकलं. आमची सर्जरी (इकडे जीपीच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) अगदी सुमार आहे, सकाळी ८ ला फोन लावला तर २७ वा नंबर. भरून काही होतं का? शिवाय आमचे हे म्हणतात की खरं लिहिलं तर डॉक्टरला कळेल.

आधी तुमच्या ह्यांची भीती घालवते. डॉक्टरला कळत नाही. पत्र एनएचएस इंग्लंड, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेतर्फे, इप्सॉस नावाची सर्व्हे कंपनी पाठवते, उत्तरं तिकडेच जातात, सर्जरीला फक्त एकत्र केलेले आकडे दिसतात, कोणी काय लिहिलं ते नाही.

आता भरून काय होतं. हा सर्व्हे २००७ पासून चालू आहे आणि ह्या विषयातला जगातला मोठ्यातला मोठा म्हणावा असा आहे, १६ वर्षांवरच्या पंचवीस लाखांच्या आसपास लोकांना पत्रं जातात. ऑस्ट्रेलियात तुम्ही कुठल्याही जीपीकडे उठून जाऊ शकता, नाव नोंदवायची सक्ती नाही, त्यामुळे एखाद्या क्लिनिकचे पेशंट नक्की कोण हेच ठरत नाही. तुमच्याकडे प्रत्येक माणूस एका सर्जरीत नोंदलेला असतो, म्हणून तुमच्याकडे सर्जरीप्रमाणे निकाल लागतो आणि तो कोणालाही बघता येतो. आम्हाला इथे हे मिळत नाही, मला खरंच हेवा वाटतो.

पण भरणारे किती? २०२३ मधे शंभरातले २९ पण नाहीत. एका सर्जरीच्या वाट्याला सरासरी शंभर-सव्वाशे उत्तरं येतात. त्यात तुमच्यासारख्या दहा जणींनी पत्र कचऱ्यात टाकलं तर तुमचं 'सुमार' हे मत त्या निकालात पोचणारच नाही. जी माणसं जास्त भरतात ती वयस्कर, निवांत, वर्षानुवर्षं त्याच डॉक्टरकडे जाणारी. तरुण कमी भरतात. त्याची भरपाई म्हणून वेटेज लावतात, म्हणजे ज्या गटातून कमी उत्तरं आली त्यांच्या प्रत्येक उत्तराला जास्त वजन, पण मुळात उत्तरच नसेल तर वजन कशाला देणार?

आणि आकडा किती हलतो ते पण बघून ठेवा. 'एकंदर अनुभव चांगला' म्हणणारे २०२१ मधे ८३ टक्के होते, २०२२ मधे ७२.४. एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त घसरण. डॉक्टर एका वर्षात तेवढे वाईट झाले का? नाही हो. कोविडमधे लोक गप्प राहून सगळ्याला टाळ्या वाजवत होते, मग गर्दी परत आली, फोन लागेनात, धीर संपला. २०२४ मधे तर प्रश्नच बरेचसे बदलले, त्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'सुधारलं' किंवा 'बिघडलं' म्हणू नये असं तेच सांगतात, तरी पेपरवाले म्हणतातच.

मधे एकदा तर डॉक्टरांचे पैसेच ह्या सर्व्हेला बांधले होते. अपॉइंटमेंट पटकन मिळते असं पेशंटनी लिहिलं तर सर्जरीला जास्त रक्कम. शंभरेक उत्तरांतली चार-दोन इकडची तिकडे झाली की हजारो पौंड वरखाली व्हायचे, काही डॉक्टर जाम वैतागले, आणि २०११ मधे ते बंद केलं. मला वाटतं बरंच झालं. शंभर उत्तरांवरून कुठे चुकतंय ह्याचा अंदाज घ्यावा, पगार कापू नये.

आता तुमच्या पत्रात न विचारलेली पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ह्या सर्व्हेत दक्षिण आशियाई लोक, म्हणजे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा कमी मार्क देतात, हे वर्षानुवर्षं दिसतंय. ह्यावर सोपं उत्तर तयारच असतं, की ह्या लोकांच्या अपेक्षाच फार, हे कुरकुरेच. मग केंब्रिजच्या अभ्यासकांनी एक छान युक्ती केली. नट घेऊन डॉक्टर-पेशंटच्या भेटीच्या फिल्म बनवल्या, काही चांगल्या, काही वाईट, आणि गोऱ्या ब्रिटिश आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांना त्याच फिल्म दाखवून मार्क द्यायला सांगितलं. कुरकुरे असते तर पाकिस्तानी लोकांनी कमी द्यायला हवे होते ना? उलट झालं. त्याच फिल्मला त्यांनी जास्त मार्क दिले. २०१६ मधे हे छापून आलं. म्हणजे तेच लोक खऱ्या सर्व्हेत कमी मार्क देतात तेव्हा त्यांना मिळणारी वागणूकच तेवढी वाईट असणार, कदाचित कागदावर दिसते त्याहून वाईट. आणि त्याआधीच्या एका अभ्यासात दिसलं होतं की फरकाचा बराचसा भाग असा येतो की आपले लोक ज्या सर्जरीत एकवटलेत त्या सर्जरीच सगळ्यांनाच कमी चांगल्या वाटतात, गोऱ्या पेशंटना पण.

मला हे वाचून माझी सासू आठवली. डॉक्टरनी साडेचार मिनिटांत बाहेर काढलं तरी घरी येऊन म्हणायची, 'बिचारा कामात होता गं, पण स्वभावाने चांगला आहे.' आपण झुकतं माप देतो. तेव्हा पुढचं पत्र आलं की भरा, आणि सासूसारखं नका भरू.

आम्हाला एबीएसचं (सरकारी आकडेवारी खात्याचं) पत्र आलंय की तुमचं घर सर्व्हेसाठी निवडलंय, मुलाखत घेणार, त्यात आरोग्याचे पण प्रश्न असतील. आजकाल इतके फ्रॉड चाललेत, खरं असतं का हे? आणि त्यात 'तुम्हाला योग्य वाटेल त्यापेक्षा जास्त थांबावं लागलं का' असा प्रश्न असतो म्हणे, हा काय प्रश्न झाला? किती दिवस थांबलो ते विचारा ना! – काका, ग्लेन वेव्हर्ली

काका, खरं असतं. शंका आलीच तर पत्रावरचा नंबर बाजूला ठेवा, ऑस्ट्रेलियन ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्सच्या साइटवरून नंबर काढा आणि फोन करून विचारा. मुलाखत घेणारा बँकेचे डिटेल किंवा ओटीपी कधी मागणार नाही, मागितला तर तो सर्व्हेवाला नाही.

पेशंट एक्सपीरियन्स सर्व्हे म्हणतात ते २००९ पासून होतंय. जुलै ते जून असं वर्षभर चालू असतं, रोजगाराच्या मोठ्या सर्व्हेला जोडलेलं, एका घरातल्या १५ वर्षांवरच्या एकाच माणसाला विचारतात. आणि हो, इथेही पाहुणे आई-बाबा धरत नाहीत, आणि हॉस्टेल, नर्सिंग होम अशा ठिकाणी राहणारे पण सुटतात.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र मी पण बरीच वर्षं घोकत होते, की 'योग्य वाटेल त्यापेक्षा' म्हणजे काय, प्रत्येकाचं योग्य वेगळं. पुण्यात संध्याकाळी चपला घालून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलं की नंबर लागायचा, त्या माणसाला इथे दोन दिवस म्हणजे अन्याय, आणि लांब गावखेड्यात राहणाऱ्या ऑस्ट्रेलियन बाईला दोन आठवडे म्हणजे नशीब. २०२१-२२ मधे २३.४ टक्के लोक म्हणाले की जास्त थांबावं लागलं, पुढच्या वर्षी २९.८. म्हणजे नक्की थांबायचे दिवस वाढले की लोकांचा धीर कमी झाला हे ह्या एका आकड्यातून नाही कळत. पण आता मला तो प्रश्न पटतो. दिवस मोजायला बुकिंगचं सॉफ्टवेअर आहे, पण त्यात नोंद होते ती ज्याला अपॉइंटमेंट मिळाली त्याची. मी रिसेप्शनवर होते तेव्हा रोज सकाळी पंधरा-वीस जणांना सांगायचे, आज जागा नाही हो, उद्या करा फोन. त्यातले किती उद्या करायचे, किती इमर्जन्सीत जायचे आणि किती क्रोसिन घेऊन पडून राहायचे ह्याची कुठल्याच कॉम्प्युटरमधे नोंद नव्हती. फोन ठेवला की ती माणसं आमच्या जगातून गायब.

ह्या सर्व्हेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रश्न म्हणून दुसराच आहे. गरज असून पैशामुळे जीपीकडे जायचं टाळलं किंवा पुढे ढकललं का? २०२१-२२ मधे ३.५ टक्के हो म्हणाले, २०२२-२३ मधे ७, २०२३-२४ मधे ८.८. जे डॉक्टरकडे गेलेच नाहीत त्यांच्याबद्दल मेडिकेअरचा डेटा एक अक्षर सांगत नाही, एखाद्या भागाचा वापर कमी दिसला तर तिथले लोक ठणठणीत आहेत म्हणून की पैसे नाहीत म्हणून, हे कळायला माणसाला विचारावंच लागतं. आणि बरेचदा उलटा गैरसमज होतो, कारण त्याच सर्व्हेत 'जीपीनी नीट ऐकून घेतलं का, आदराने वागले का' ह्याला दहातले साधारण नऊ जण 'नेहमी' किंवा 'बऱ्याचदा' म्हणतात. वाचणाऱ्याला वाटतं वा, सगळं छान! पण हा प्रश्न विचारतात फक्त त्यांना, जे गेल्या वर्षात जीपीकडे गेले होते. दाराबाहेर राहिलेल्याला कोण विचारणार डॉक्टर गोड बोलले का.

तर काका, मुलाखत द्या. काकूंची निवड झाली असेल तर काकूंना बोलू द्या, तुम्ही शेजारी बसून उत्तरं सांगू नका, हे मी आपल्या घरांमधे फार बघितलंय. आणि मागच्या मे महिन्यात गुडघा दुखत असताना तुम्ही फी ऐकून अपॉइंटमेंट कॅन्सल केली होती असं तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय, ते त्यांना आठवणीने सांगा, माझ्याकडे लिहून ते कुठल्याच टेबलात जात नाही.